कुंकवावरचा रंग

आमच्या साताऱ्याच्या घरात रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा जेवणाच्या टेबलावर खाण्याचं काही ठेवायचं नाही, असा नियम होता. त्या वेळी पूर्वेच्या खिडकीतून तिरका उजेड यायचा आणि बाबांना तो लागायचा. ते टेबलावर काळं फडकं पसरत, त्यावर चांदीचा एकेक जुना रुपया ठेवत आणि दोन बोटांनी कडा धरून तो सावकाश कलता करत. मी शेजारच्या स्टुलावर बसायचे. माझं काम वाचायचं होतं.

बाबा भूमापन कार्यालयात नकाशे काढायचे. शिक्षण सगळं मराठीत झालेलं, आणि नाण्यांवरची चांगली पुस्तकं इंग्रजीत. ती ते कुणाकुणाकडून मागून आणत आणि झेरॉक्स करून घेत. मला त्यांनी इंग्रजी शाळेत घातलं होतं, त्याचा हा एवढाच उपयोग त्यांना स्वतःसाठी झाला. मी एक वाक्य वाचायचे, मग त्याचं मराठी करायचे. अडले तर ते थांबायचे. घाई करायचे नाहीत. त्या दीड तासात आमच्यात जेवढं बोलणं व्हायचं तेवढं उरलेल्या आठवड्यात होत नसे. मी मुळात बोलत नाही. पाहुणे आले की पाणी ठेवते आणि आत जाते. पण त्या स्टुलावर मला बोलता यायचं, कारण शब्द दुसऱ्याचे असायचे. घरात माझी म्हणावी अशी ती एक जागा होती.

चांदी जुनी झाली की काळवंडते हे सगळ्यांना माहीत असतं. पण नाणं वर्षानुवर्षं न हलवता, न घासता एका जागी राहिलं, तर काळं पडण्याआधी त्यावर रंग चढतात. आधी कडेला पिवळसर, मग तांबूस जांभळा, मग मोरपिशी निळा. जमवणारे अशा नाण्यासाठी जीव टाकतात. आणि ते जीव टाकतात म्हणूनच काही लोक हा रंग घरी तयार करतात. गंधकाची धुरी देतात, आणखी काय काय करतात. बाबांचा सगळा जीव या एका प्रश्नात होता: रंग आपोआप आला आहे की आणला आहे?

त्यासाठी ते तीन गोष्टी पाहत. रंग कडेपासून आत गेला आहे का. अक्षरांच्या आडोशाला तो फिका आहे का, कारण खरा रंग अक्षरांच्या पायाशी दबकत येतो. आणि नाणं फिरवलं की रंगाखालून चमक चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते का. सांगलीला दर तीन महिन्यांनी नाणी जमवणाऱ्यांची बैठक भरायची. तिथे बाबांपेक्षा मोठे संग्रह असलेले वकील, डॉक्टर, हळदीचे व्यापारी येत. त्यांच्यापुढे बाबांकडे दाखवण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण शंकेचं नाणं आलं की तिथे म्हणत, साताऱ्याच्या साहेबांना दाखवा. बाबांची तिथे तेवढीच पत होती, त्यांच्या नजरेची.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबा म्हणाले, आश्विनातल्या बैठकीला तुला घेऊन जाईन, ताई. घरात मी मोठी, म्हणून मला सगळे ताई म्हणत. मी 'बरं' म्हटलं आणि त्यानंतर कित्येक दिवस सांगलीच्या त्या हॉलमध्ये बाबांच्या शेजारी बसलेली मी स्वतःला पाहत राहिले.

तिला घरी मीच आणलं. हे मला अजून सलतं.

ती माझ्या वर्गात होती. जत तालुक्यातली, मेंढपाळांच्या घरातली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. तिला इंग्रजीतल्या नोट्स समजत नसत, आणि प्रॅक्टिकलला माझ्या हातून काचेचं काही ना काही फुटायचं, तिच्या हातून कधीच नाही. म्हणून आमचं जमलं. एका रविवारी ती नोट्स न्यायला आली, आणि बाबांच्या टेबलापाशी थांबली ती थांबलीच.

त्या दिवशी आम्ही 'टोनिंग' या शब्दापाशी अडलो होतो. खरं तर आम्ही त्याच्यापाशी सहा महिने अडलो होतो. मी रंगछटा म्हणून पाहिलं, झाक म्हणून पाहिलं, बाबांना एकही पटला नव्हता. तिने फडक्यावरच्या रुपयाकडे पाहिलं आणि म्हणाली, "रापलाय की वं, काका."

बाबांनी मान वर केली. "काय म्हणालीस?"

"रापलाय. उन्हात माणूस रापतं तसा. एकदम न्हाई रापत, रोज थोडं थोडं."

बाबांनी तो शब्द दोन-तीनदा स्वतःशी म्हटला. मग त्यांनी माझ्या हातातल्या झेरॉक्सच्या समासात, जिथे मी पेन्सिलने तीन पर्याय लिहिले होते, त्यांच्या खाली शाईने 'रापणे' लिहिलं. हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. दरवर्षी उन्हाळ्यात आई मला म्हणायची, टोपी घाल, रापशील. पण मला तो सुचला नव्हता, आणि तिला सुचायला एक मिनिटही लागलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ती परत आली. येताना तिने एक रुपया आणला होता, हातभर लांबीच्या काळ्या लोकरी चिंधीत शिवलेला. तिचा चुलता मेंढरं घेऊन आठ-आठ महिने घराबाहेर असायचा. अडीअडचणीला असावा म्हणून हा रुपया त्याच्या बापाने घोंगड्याच्या कोपऱ्यात शिवून टाकला होता. घोंगडं विरलं, तेव्हा कोपरा कापून ठेवला. रुपया कुणी बाहेर काढलाच नव्हता. मधल्या दोन दिवसांच्या सुट्टीत गावी जाऊन तिने तो मागून आणला होता, काकांना दाखवते म्हणून. टाके तिने आमच्या टेबलावरच उसवले.

मी आजवर जे रुपये पाहिले त्यांत तो सगळ्यात सुंदर होता. कडेला मधासारखा पिवळा, आत जांभळा, मध्यभागी कबुतराच्या मानेवर असतो तसला निळा. त्यात लोकरीच्या विणीच्या बारीक तिरक्या रेघा उमटलेल्या. बाबांनी तो फिरवला आणि रंगाखालून चमक गरगर फिरली. त्यांनी तो पुन्हा एकदा फिरवला.

मग त्यांनी मला विचारलं, "लोकरीत गंधक असतं का गं, ताई?"

केसांत, नखांत, लोकरीत गंधक असतं हे मी त्याच वर्षी शिकले होते. पण ती समोर बसली होती आणि बाबांचा चेहरा आधीच तिच्याकडे वळलेला होता. मी म्हटलं, "असेल. बघावं लागेल."

ती म्हणाली, "असणारच की. घोंगडं जळलं की वास मारतोय. आमच्या लॅबमधली ती गंधकाची बाटली उघडल्यावर मला घरची आठवण येती."

बाबा हसले. मोठ्याने हसले. आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, ही घरात तरी बोलती का? का स्टँडावरच्या वजनाच्या काट्यागत हिच्यात पावली टाकाय लागती?"

बाबा परत हसले. मीही हसले. हसण्याशिवाय काय करता येतं अशा वेळी.

त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली. तिने माझा स्टूल कधी मागितला नाही. ती समोरच्या खुर्चीवर मांडी घालून बसायची. पण मी वाचत असताना बाबा तिच्याकडे बघत. वाक्य माझं संपायचं आणि 'काय वाटतं?' हे तिला विचारलं जायचं. तिला ते बाळा म्हणू लागले. मला ते बाळा म्हणत त्याला दहा-बारा वर्षं झाली असतील. भिंग आधी बाबांच्या हातातून माझ्या हातात यायचं. आता ते टेबलावरून पलीकडे जायचं आणि तिथून माझ्याकडे येईपर्यंत तिच्या हाताने कोमट झालेलं असायचं.

मी सगळं मोजत होते. ती किती वेळा बरोबर ठरली, मी किती वेळा. तिच्या चुका मी लक्षात ठेवायचे. फारशा नव्हत्या. रात्री मी झेरॉक्स पुन्हा पुन्हा वाचायचे, तिच्यापेक्षा जास्त मला माहीत होतं, हे मी शपथेवर सांगू शकले असते. पण माहीत असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. तिने लहानपणापासून शेपन्नास मेंढरांतून आपलं मेंढरू चेहऱ्यावरून ओळखलं होतं. ती नाण्याकडेही तशीच बघायची. हे मला कळत होतं आणि म्हणूनच सहन होत नव्हतं.

भाद्रपद सरता सरता बाबा एकदा जेवताना म्हणाले, सांगलीला तिलाही नेऊ. घोंगड्यातला रुपया तिनेच दाखवावा, चार शब्द बोलावे. बैठक झाली की तिथूनच तिला जतची गाडी मिळेल. मी भात कालवत होते. मी म्हटलं, "चालेल की."

बैठकीत ती बोलणार आणि मी ऐकणार. मी बाबांच्या शेजारी बसणार, आणि सगळे तिच्याकडे बघणार.

मी काय केलं ते आता सांगते.

आईकडे लक्ष्मीपूजनाचा एक रुपया होता, राणीछाप. तो वर्षभर कपाटातल्या पितळी डबीत असायचा आणि दिवाळीत एकदा बाहेर निघायचा. आई तो चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख करायची, त्यावर हळदकुंकू वाहायची, मग दुसऱ्या दिवशी पुसून डबीत. बाबांनी तो कधी निरखून पाहिला असेल असं मला वाटत नाही. तो देवाचा होता, म्हणजे आईच्या खात्यातला.

नाणं आणि उकडलेलं गरम अंडं एका बंद डब्यात ठेवलं तर काय होतं, हे बाबांसाठी मीच वाचलं होतं. 'अशा नाण्यांपासून सावध राहा' या प्रकरणात ते होतं. मी आधी एका जुन्या चांदीच्या चवलीवर, दोन आण्यांच्या नाण्यावर, करून पाहिलं. ती तपकिरी, घाणेरडी झाली. दुसऱ्या वेळी अंडं थोडं गार होऊ दिलं आणि दर पाच मिनिटांनी डबा उघडून पाहिला. तिसऱ्या वेळी आईचा रुपया ठेवला. आई दुपारी भिशीला गेली होती. मी टेबलाच्या कडेला घड्याळ ठेवून बसले होते. प्रॅक्टिकलला इतकं लक्ष देऊन मी कधी काही केलं नव्हतं. कडेला पिवळा आला, मग जांभळा, आणि मधे निळा यायला लागला तसा मी रुपया काढून घेतला. अंडं मी खाल्लं. संध्याकाळी आईने विचारलं, कसला वास येतोय गं, आणि मी म्हटलं, मोरीचा असेल.

बाबा ओळखीच्या सराफाकडून मोडीत आलेले रुपये वितळवण्याआधी विकत घेत. शनिवारी पुडी आणायची आणि रविवारी उजेडातच उघडायची, ही त्यांची रीत. त्या शनिवारी ते बाहेर गेल्यावर मी पुडी उघडली, त्यातला एक मळकट राणीछाप काढून आईच्या डबीत ठेवला आणि माझा रुपया पुडीत घातला.

माझा हिशेब साधा होता. ती तो बघेल. रंग बघून भुलेल, म्हणेल, काका, रापलाय की. आणि मग मी, शांतपणे, आवाज न चढवता, सगळी कारणं देऊन सांगेन की हा रंग आणलेला आहे. मी वाक्यं पाठ केली होती.

बाबा आधी बघतील, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही ते मला आजही सांगता येत नाही.

पुडीतला चौथा रुपया त्यांनी फडक्यावर ठेवला आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी भिंग घेतलं, खिडकीच्या आणखी जवळ सरकले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते आपल्या तीन गोष्टी पुटपुटत होते. कडेपासून आत, आहे. अक्षरांचा आडोसा, थोडा आहे. चमक. त्यांनी रुपया फिरवला. चमक फिरली नाही, मला दिसलं. रांगोळीने घासलेल्या नाण्यावर ती कशी फिरणार? बाबा म्हणाले, "हातात वापरलेला दिसतो, झिजलाय जरा." आणि रुपया खाली ठेवून त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले.

तीस वर्षं ते मोडीच्या पुड्या उघडत होते. असा रुपया त्यांना स्वतःला कधी मिळाला नव्हता. दुसऱ्यांचे बघायचे, खरं-खोटं सांगायचं आणि परत द्यायचे.

"बघ बाळा," ते तिला म्हणाले.

तिने बघितलं. उजेडात धरला, उलटा केला, परत राणीचा चेहरा वर केला. मग भिंग मागितलं. बराच वेळ तिने मुकुटाच्या नक्षीत काहीतरी पाहिलं. मी वाट बघत होते, ती चुकावी म्हणून. तेव्हा मला अजून तेवढंच हवं होतं.

"काका, हे आणल्यालं हाय."

"कशावरून?"

"कुंकू खाली हाय, रंग वर हाय." तिने नखाने दाखवलं. मुकुटाच्या खोबणीत, खसखशीच्या दाण्याएवढा लाल कण होता आणि त्यावरून निळी साय गेल्यासारखी दिसत होती. "पूजेचा रुपया हाय हा. पूजेचा रुपया बाया दर साली घासत्यात. मग हा रंग कवा चढला? गेल्या दिवाळीनंतरच की. एका वर्सात एवढा न्हाई रापत, काका. तुमीच सांगितलंय."

मला तो कण दिसला नव्हता. माझ्या सगळ्या पाठ केलेल्या कारणांत कुंकू कुठेच नव्हतं. इंग्रजी पुस्तकात ते नव्हतं, आणि आई दरवर्षी माझ्यासमोर तो रुपया घासायची तरी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बाबांचा चेहरा उतरला नाही, कडक झाला. ते म्हणाले की कुणाच्या ना कुणाच्या घरात प्रत्येक रुपयाला कुंकू लागलेलंच असतं. एकदा लागलं, मग रुपया पन्नास वर्षं पेटीत पडला, त्यावर रंग चढला, असं नाही का होणार? ती म्हणाली, होईल, पर मग चमक का फिरंना? बाबा म्हणाले, झिजलाय. ती म्हणाली, झिजला न्हाई, घासलाय, रेघा बघा की. तिचं बोलणं नेहमीचंच होतं, पण आज ते बाबांना उद्धट वाटलं असावं. त्यांनी रुपया तिच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

"ताई, तू सांग."

चार महिने मी या वाक्याची वाट पाहत होते. भिंगही त्यांनी स्वतः माझ्या हातात दिलं. मी रुपयावर वाकले. काहीच बघत नव्हते. अंड्याचा वास येतोय की काय असं मला वाटत होतं. तिच्याकडे मी पाहिलं नाही, पण ती माझ्याकडे बघते आहे हे कळत होतं.

मी म्हटलं, "खरा आहे."

बाबांनी मान हलवली. तिने मांडी सोडली, पाय खाली घेतले आणि चपलेत घातले. थोड्या वेळाने ती म्हणाली की हॉस्टेलवर पाहुणे यायचेत. आईने पोहे खायला थांब म्हटलं, तरी थांबली नाही.

त्यानंतर ती रविवारी आली नाही. वर्गात बोलायची, नोट्सही मागायची, पण घरी चल म्हटलं की काहीतरी कारण सांगायची. मी फारसं चल म्हणतही नव्हते. सांगलीला येणार का असं बाबांनी माझ्याकरवी विचारलं, तर म्हणाली, मी आधीच गावी जाणार हाय.

म्हणजे मला हवं होतं ते सगळं मिळालं. भिंग थेट माझ्याकडे यायचं. बाबा माझं वाक्य संपेपर्यंत माझ्याकडेच बघायचे. पण मधेच ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत आणि म्हणत, पोरगी रुसली वाटतं. एकदा म्हणाले, मी जरा तोडूनच बोललो. मला वाटायचं, नसून सुद्धा तिने अर्धं टेबल अडवून ठेवलंय. आणि वाईट हे की रुपयाकडे पाहिलं की मला आता तो लाल कण आधी दिसायचा. एकदा दिसल्यावर तो न दिसणं शक्यच नव्हतं. बाबांना तो कसा दिसत नाही, याचं मला नवल वाटायचं. मग कळलं, त्यांना दिसत होता. ते त्याच्यावरून नजर पुढे नेत होते, कारण मी खरा म्हटलं होतं.

सांगलीला आम्ही दोघंच निघालो. सकाळची एसटी, खिडकीजवळ मी. रुपया बाबांच्या शर्टाच्या आतल्या खिशात, कापसात. ते खुशीत होते. तिथे काय सांगायचं ते मला ऐकवत होते. उंब्रजच्या पुढे ते म्हणाले, "मी सांगणार आहे की मला स्वतःला खात्री नव्हती. निर्णय माझ्या मुलीनं दिला. उभी करणार आहे तुला."

मी सांगितलं ना, मी लाजरी आहे. आधी मनात आलं ते उभं राहावं लागणार, एवढंच. मग त्या हॉलमधले सगळे डोळे मला दिसले, तीस-चाळीस वर्षं नाणी बघितलेले, आणि त्यांतल्या एखाद्याच्या घरातही बाईमाणूस दर दिवाळीला रुपया घासत असणारच. त्यांतला कुणीतरी तो कण बघणार. आणि साताऱ्याच्या साहेबांना दाखवा, असं पुन्हा कुणी म्हणणार नाही.

कऱ्हाडला गाडी वीस मिनिटं थांबते. बाबांनी स्टँडवर दोन चहा घेतले. मी कप हातात धरून सांगितलं. कमी शब्दांत सांगितलं: तो आईचा डबीतला रुपया आहे, मी अंड्याच्या डब्यात ठेवला होता, पुडीत मी घातला.

बाबांनी चहा संपवला. कप परत दिला. मला वाटलं, विचारतील, का केलंस. मी त्याचं उत्तरही जुळवत होते. त्यांनी ते विचारलं नाही.

"म्हणजे तिला बरोबर दिसलं होतं," ते म्हणाले.

मी 'हो' म्हटलं. अशा वेळी माणसाला काय वाटायला हवं मला माहीत आहे. मला शरम वाटली, हेही खरं. पण शरमेच्याही आधी, चहाच्या त्या गाड्यापाशी, मला वाटलं की आत्तासुद्धा त्यांच्या मनात आधी तीच आली. मी समोर उभी होते, इतकं मोठं काही सांगितलं होतं, आणि त्यात त्यांना पहिली ती दिसली.

इस्लामपूर आलं, आष्टा आलं, सांगली आली. बाबांनी आतला खिसा एकदाही चाचपला नाही. मला वाटलं, आता रुपया खिशातच राहील.

एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बैठक होती. सतरंज्या, भिंतीलगत खुर्च्या, मधल्या टेबलावर भडंगाचं मोठं ताट. बाबांनी मला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी कापूस सोडला आणि रुपया एक शब्द न बोलता पुढे दिला. तो हातोहात फिरला. पांढऱ्या टोपीतल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने तो सगळ्यात जास्त वेळ धरला. "वा," ते म्हणाले, "साहेब, अखेर तुमच्याही नशिबात आला म्हणायचा." दोघंतिघं माना डोलावत होती. कुणी तो कण पाहिला नव्हता. बाबा गप्प राहिले असते तर रुपया खरा ठरला असता. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. त्या हाताने त्यांनी भिंग पुढे सरकवलं.

"मुकुट बघा," बाबा म्हणाले. "कुंकू खाली आहे. रंग वर आहे."

भिंग फिरलं. एकेकाला दिसत गेलं. कुणीतरी हसलं, कुणी म्हणालं, अरे, खरंच की, आमच्या घरचा रुपयाही आमची ही घासते. बाबा उभे राहिले. मी फसलो होतो, त्यांनी सांगितलं, आठ दिवस नाही, चांगले वीस दिवस. कुणी बनवला ते त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, मला एका मुलीने हे पहिल्या दिवशी दाखवलं. कॉलेजात शिकते, तिच्या घरी घोंगड्यात शिवलेला, खराखुरा रापलेला रुपया आहे. मी तिचं ऐकलं नाही, उलट तोडून बोललो. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे.

त्या हॉलमध्ये बाबांच्या शेजारी मी बसले होते, आणि बाबांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची इतकी स्तुती ऐकत होते. त्या स्तुतीतला एकेक शब्द मला हवा होता. तो माझ्या अंगावरून पुढे, जतकडे कुठेतरी जात होता.

टोपीवाले आजोबा कौतुकाने माझ्याकडे वळले. "हीच का ती?"

 बाबा माझ्याकडे न पाहता खिडकीकडे पाहत राहिले. मी मान नुसती हलवली असती तरी चाललं असतं. लाजरी मुलगी, लोकांनी समजून घेतलं असतं, कसंही.

मी उभी राहिले. "नाही," मी म्हटलं. "ती वेगळी. ती माझ्या वर्गात आहे. हा रुपया मी केलाय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मागच्या खुर्चीवरून एका डॉक्टरांनी विचारलं, कसा केला? मला वाटलं, टोमणा आहे. पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं: अंडं किती गार करायचं, डबा किती वेळाने उघडायचा, निळा यायला लागला की का थांबायचं. दोघांनी वहीत उतरवून घेतलं. मी एकदाही अडले नाही.

बाहेर पडताना आजोबांनी बाबांना सांगितलं की पुढच्या बैठकीला त्या दुसऱ्या मुलीला आणा, तिचं ते घोंगड्यातलं नाणं आम्हाला बघायचंय. बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला सांगा. आणायची असेल तर आता हिलाच आणावी लागेल."

सोमवारी मी हॉस्टेलवर गेले. ती गावाहून परतली नव्हती. बुधवारी परत गेले. ती दोरीवर कपडे वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, कऱ्हाडही सांगितलं, पुढच्या बैठकीचं बोलावणंही सांगितलं. तिने ओढणी झटकली आणि दोरीवर टाकली.

"मला वाटलंच हुतं. सराफाच्या पुडीला अंड्याचा वास कवा येतोय?"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुझ्या बापापुढं?" ती म्हणाली. चिमटे तोंडात होते, ते काढून तिने हातात घेतले. "येते मी सांगलीला. पण काकांनी बोलावलं म्हणून. तू बोलावलंस म्हणून न्हाई."

मी तिला बैठकीचा दिवस सांगितला आणि निघाले. तिच्या शब्दांपैकी मला सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर 'काकांनी बोलावलं'. घरी पोचेपर्यंत मी तेच घोळवत होते. बाबांनी विचारलं, येणार का ती? मी म्हटलं, हो, येणार आहे. त्यांचा चेहरा किती उजळला ते मी नीट पाहून घेतलं.